भांडी आत घेताना

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि तू जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे हे लिहिण्यात कुणाची अडचण नाही. तू असतीस तर हे पत्र कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, बहुतेक तू ज्यांच्याकडे कामाला होतीस त्या काकूंकडूनच, आणि मग मीही चार बरी वाक्यं लिहिली असती: मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं, काळजी करू नकोस. आता तसं लिहायचं कारण उरलं नाही. माझं अक्षर सातवीत जिथं सुटलं तिथंच आहे. कंपनीच्या कागदावर रोज दोन-चार ओळी लिहितो, 'मशीन तपासले, फिल्टर साफ केला', तेवढीच हाताला सवय. आज रविवार आहे. हिनकलच्या खोलीत दुपारचा एकटाच बसलोय, बरोबर राहणारा गावाला गेलाय. गेल्या महिन्याभरात एका घरात जे झालं ते सांगायला माझ्याकडे माणसं नाहीत असं नाही. चहाच्या गाड्यावर सांगितलं असतं तर सगळे हसले असते. पण त्यातलं खरं काय ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही, आणि तूच ते ऐकून घेतलं नसतंस.

मी काय काम करतो ते तुला माहीतच नाही. तू गेलीस तेव्हा मी पुण्यात एका दुकानात कपड्यांची मशीनं उचलून ठेवत होतो. त्यानंतर सोलापूर, हुबळी, मग इथं म्हैसूर. एका जागी याचं बूड टिकत नाही असं तू शेजारणीला सांगायचीस, ते अजून तसंच आहे. फक्त आता टिकत नसल्याचा पगार मिळतो, दिवसभर मोटारसायकलवर या घरातून त्या घरात. मी भांडी घासायची मशीनं दुरुस्त करतो. हो, भांडी घासायची. काकूंकडचं कपडे धुण्याचं मशीन तू पाहिलं होतंस, हेही तसंच, फक्त पोटात जाळीचे दोन कप्पे. त्यात ताटं, वाट्या, पातेली लावायची, साबणाची एक वडी टाकायची, दार लावायचं. आत वर-खाली दोन पाती फिरतात आणि गरम पाण्याचे फवारे मारतात. दोन तासांनी भांडी घासून, विसळून, जवळजवळ सुकून तयार. तुझ्या बोटांच्या बेचक्या पाण्यानं खाल्लेल्या असायच्या, झोपताना तू त्यात खोबरेल भरायचीस आणि बोटं फाकवून छातीवर ठेवायचीस. हे मशीन तेव्हा काकूंकडे असतं तर तुझी बोटं वाचली असती आणि तुझं काम गेलं असतं. दोन्ही एकाच दिवशी. पहिलं मशीन उघडलं तेव्हा हा विचार आला, आणि तो कुठं ठेवावा ते मला अजून कळलेलं नाही.

मशीन फारसं बिघडत नाही, बिघडवतात माणसं. इथल्या घरांत खालच्या फिल्टरमध्ये कढीपत्ता आणि मोहरी अडकते, मग पाणी बाहेर जात नाही आणि मशीन बोंबलत बसतं. मिठाचं तर विचारूच नकोस. बोअरचं पाणी जड असतं, त्यात चुना असतो. तो भांड्यांवर बसू नये म्हणून मशीनच्या पोटात पाणी मऊ करायचा एक डबा असतो, आणि तो चालायला खडे मीठ लागतं, खास मशीनचं. लोक त्यात आमटीत घालायचं बारीक मीठ ओततात. एका साहेबानं तर मला विचारलं होतं, मीठ जास्त झालं तर भांडी खारट होतात का. मी म्हणालो, होतात, वरण घालताना बेतानं घाला. त्यानं मान हलवली, त्याला ते खरंच वाटलं. दिवस असे जातात.

तर ते घर. कुवेंपुनगरात, दोन मजली, दारात दोन स्कूटर. मशीन नवं, जेमतेम चार महिन्यांचं, आणि तक्रार अशी की भांड्यांवर पांढरा थर येतो. दार एका म्हातारीनं उघडलं. मी कन्नडमध्ये बोललो, तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तू मराठी अल्वा? बोलतोस तेव्हा जीभ सांगते." ते घर मराठी निघालं, कित्येक पिढ्यांपासून इथलं. तिच्या सासऱ्याचं पेठेत शिलाईचं दुकान होतं, आता मुलगा बँकेत आहे. मराठी बोलतात, पण अर्ध्यात कन्नड, 'नाही का'ला अल्वा, पोराला पुट्टा. सगळे तिला अज्जी म्हणतात, मीही म्हणायला लागलो. "कुठला रे तू?" मी म्हणालो, मिरजेचा. "ते तिकडे वर. आमचे मोठेही तिकडूनच कुठून तरी आले म्हणे, आता सांगायला कोण आहे. आणि आडनाव काय पुट्टा?" माझ्या गळ्यातल्या कार्डावर नुसतं नाव आणि नंबर आहे. मी आडनाव सांगितलं. "मग परका नव्हेस कणो," ती म्हणाली, "आत येऊन बस, काफी करते."

मशीन स्वयंपाकघरात नव्हतं. इथं स्वयंपाकघराच्या मागे एक छोटी उघडी जागा असते, तिला युटिलिटी म्हणतात. नळ, कट्टा, कपडे धुवायचा दगड, आणि कामवालीसाठी मागचं वेगळं दार. मशीन तिथं होतं. मी भांडी बघितली. स्टीलवर, काचेवर पांढरट पट्टे, ओघळ सुकल्यासारखे. "बघ," अज्जी म्हणाली, "सुण्णा लावल्यासारखं. एवढे पैसे घालून पांढरी भांडी." व्हिनेगरचा बोळा फिरवला तर पट्टा गेला, म्हणजे चुनाच होता. मिठाचा कप्पा अर्धा रिकामा सापडला. भरला, सेटिंग वाढवलं, आणि नेहमीचा प्रश्न विचारला, मशीन थांबल्यावर तुम्ही काय करता. कारण काही जण ओली भांडी एकात एक घालतात, त्यानंही डाग राहतात. "काय करणार," अज्जी म्हणाली, "दार उघडते, भांडी आत घेते." मी कागदावर लिहिलं, वापर योग्य.

आई, हे वाक्य मी लक्षात ठेवायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही पोराच्या कानावरून गेलं असतं तर चाललं असतं. माझ्या कानावरून जायला नको होतं.

आठवड्यानं परत तक्रार. मी फवाऱ्याची पाती काढून भोकं टाचणीनं साफ केली, मशीनच्या तळाशी उरलेलं पाणी पट्टी बुडवून तपासलं. पाणी मऊ. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो मऊ करायचा डबाच नवा बसवला. परत विचारलं, मशीन थांबल्यावर काय करता. परत तेच उत्तर. चौथी तक्रार आली तेव्हा आमच्या सुपरवायझरनं फोनवर सांगितलं, "या घरातून पाचवा फोन आला ना, तर तुझी गाडी जमा कर आणि कडकोळच्या गोदामात खोकी मोजायला बस. तिथं तुझे पाय शांत होतील." त्याला माहीत आहे मला कुठं धरायचं. चार भिंतींत दिवसभर बसायचं म्हटलं की मला श्वास पुरत नाही. मी त्या चौथ्या दिवशी निघालो तेव्हा ठरवूनच निघालो की आज मशीनचा पूर्ण फेरा समोर बसून बघायचा, आणि काही सापडलं नाही तर तिकडूनच पुढच्या गावाची गाडी धरायची.

त्या दिवशी सून खाली आली होती. ती घरूनच ऑफिसचं काम करते, वरच्या खोलीत, कानात ते लावलेलं असतं. तिचं बोलणं कन्नड आणि इंग्रजीत, मी तुला आपल्यात सांगतो. ती म्हणाली, "एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय. रविवारी भांडी स्वच्छ निघतात. रविवारी कामवाली नसते, मशीन मी लावते. म्हणजे मशीन चांगलं आहे. हीच काहीतरी करते. वडी पूर्ण टाकत नसेल, नाहीतर काय टाकत असेल ते देवाला माहीत. हे शेवटचं, आज जर तुम्हाला मशीनमध्ये काही सापडलं नाही, तर या महिन्यानंतर मी दुसरी बघणार." हे ती कामवालीच्या समोर बोलत होती, जशी एखादी खुर्ची हलवायची आहे. कामवाली बाई दगडावर टॉवेल पिळत होती. पन्नाशीची असेल. तिनं वर बघितलंही नाही. पीळ मात्र एक जास्त दिला.

सून वर गेली. बाईनं हात पुसले आणि भांडी लावायला घेतली, आणि मी बघत बसलो. मी शेकडो घरांत मशीन लावताना बघितलंय, इतकं नीट कुणी लावत नाही. उष्टं आधी खरवडून काढलं, ताटं एकाच बाजूला कललेली, वाट्या सगळ्या तोंड खाली करून, पातेलं असं ठेवलं की पातं अडणार नाही, हातानं एकदा फिरवूनही बघितलं. वडी पूर्ण टाकली. दार लावून ती कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेली. मी स्टुलावर बसून दोन तास मशीनचा आवाज ऐकत राहिलो. पाणी बरोबर घेतलं, तापवलं, सोडलं. सुकवणं सुरू झाल्यावर दार उघडून बघितलं, भांडी आरशासारखी. मशीनमध्ये काही नव्हतं. त्या बाईच्या हातातही काही नव्हतं. मग तिची नोकरी आणि माझी गाडी घेऊन बसलेलं हे नक्की काय होतं, ते मला कळेना.

मशीन वाजून थांबलं. अज्जी आली. "सर रे जरा," म्हणाली. मी भिंतीला लागून उभा राहिलो. तिनं दार उघडलं, वाफ जाऊ दिली, आणि एकेक भांडं पदरानं धरून कट्ट्यावर पालथं मांडलं. मग कोपऱ्यातला चोंबू घेतला, म्हणजे आपला तांब्या, युटिलिटीच्या नळाखाली भरला, बोअरच्या पाण्यानं, आणि त्या धुतलेल्या, सुकत आलेल्या, गरम भांड्यांवर वरून धार धरली. पहिलं ताट, दुसरं ताट, वाट्या. ओतलेलं पाणी ओघळून जायची वाट बघितली आणि भांडी उचलून स्वयंपाकघरात नेली. गरम स्टीलवर जड पाणी. माझ्या डोळ्यांसमोर ओघळ सुकत गेले आणि पांढरे होत गेले.

"अज्जी, हे काय करता?"

"काय म्हणजे? आत घेते."

"पण मशीननं धुतलीत ना. उकळत्या पाण्यानं."

"मशीननं धुतली. आत लावली कुणी? तिनंच लावली, अल्वा?" तिच्या आवाजात राग नव्हता, किळसही नव्हती. दुधावर झाकण का ठेवते ते सांगावं तशी सांगत होती.

"आणि रविवारी?"

"रविवारी सून लावते. मग कशाला?"

मला आधी हसू आलं, आई, खरंच. चार फेऱ्या, एक नवा डबा, अर्धं पोतं मीठ. आणि त्यानंतर गाल चरचरायला लागला, डावा.

मिरजेच्या त्या घराची मागची बाजू मला फरशी न फरशी आठवते. मी सहावीत आहे, शाळेला सुट्टी आहे म्हणून तुझ्याबरोबर आलोय. तू मोरीच्या कट्ट्याशी उकिडवी बसलीयस, एका बाजूला राख, हातात काथ्या. घासतेस, विसळतेस, उन्हात पालथं घालतेस. काकू मागच्या दारात येतात. "झाली का गं? सर, आत घेते." तू उठून भिंतीला लागून उभी राहतेस. काकू तांब्यानं सगळ्या भांड्यांवर पाणी ओततात, मग उचलतात. हे मी शंभरदा पाहिलं असेल, त्या दिवशी का बोललो ते मला माहीत नाही. एक पितळी पातेलं होतं, त्यात माझं तोंड दिसत होतं, एवढं तू ते घासलं होतंस. मी म्हणालो, "काकू, आईनं आत्ताच धुतलीत की. परत कशाला?" तुझा हात ओला होता, राखेचा. तसाच गालावर आला. "तुला कुणी विचारलं होतं का?" काकू हसल्या, "असू दे गं, लहान आहे," आणि उरलेल्या भांड्यांवर पाणी ओतलं. तू मला 'चुकलं' म्हणायला लावलंस. मी म्हणालो. राख गालावर वाळत होती आणि मला पुसायची लाज वाटत होती.

घरी आल्यावर तू म्हणालीस, "पाणी त्यांचं, ओततात त्या. आपलं काय झिजतं त्यात?" आपलं काय झिजतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. काकूंचे यजमान आमच्या शाळेत शिकवायचे. त्यांनी मला उभं केलं, ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "काय रे, भांडी कशी धुवायची ते आमच्या घरी शिकवून आलास म्हणे." वर्ग हसला. तोपर्यंत वर्गात कुणाला माहीत नव्हतं तू कुठं काय काम करतेस. त्या दिवसापासून माझं नाव विसळ्या पडलं. मी पाणी प्यायला उठलो की मागून कुणीतरी म्हणायचं, विसळून पी. मी आधी तास बुडवायला लागलो, मग दिवस, आणि सातवीच्या मध्यावर एक दिवस तुला सांगितलं, मी जाणार नाही. तू चूल फुंकत होतीस. तू म्हणालीस, "बरं."

एवढंच. बरं. मी अजून त्या शब्दावर अडून बसलोय. थप्पड मी विसरलो असतो, पोरं विसरतात. पण त्या दिवशी तू मला फरफटत शाळेत न्यायला हवं होतंस. शिव्या द्यायला हव्या होत्यास, उपाशी ठेवायला हवं होतंस. मारायला तुझ्याकडे हात होता, ओढायला नव्हता. मी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी तू मला गॅरेजमध्ये नेऊन सोडलंस.

आणि ते ताट. थप्पड बसली त्याच आठवड्यात काकूंनी तुला एक स्टीलचं ताट दिलं, काठाला थोडं चेपलेलं, मधोमध ठिपक्या-ठिपक्यांनी त्यांचं आडनाव घातलेलं. तू ते पदराखालून आणलंस आणि माझ्यापुढे ठेवलंस. "हे तुझं. बघ, काही मनात ठेवलं नाही त्यांनी." त्यांनी. काही मनात ठेवलं नाही. मी त्या ताटात जेवलो, रोज. भाकरी संपत आली, कालवण पुसून घेतलं, की खालून ते आडनाव वर यायचं. तू मेलीस तेव्हा मी पुण्याहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. कावीळ होती म्हणे, आणि तू शेवटच्या आठवड्यापर्यंत काकूंच्या मोरीवर बसत होतीस म्हणे. घरातलं सामान मी वाटून टाकलं. ते ताट मात्र पिशवीत घातलं. का ते विचारू नकोस, मलाही सांगता येणार नाही. पुणे, सोलापूर, हुबळी, सगळीकडे बरोबर फिरलंय. आत्ताही इथंच, खिडकीत आहे.

तर मी त्या युटिलिटीत उभा होतो, भिंतीला लागून, तुझ्यासारखा. बाई गच्चीवरचे वाळलेले कपडे झटकून काढत होती, त्याचे आवाज येत होते. मला काय बोलायचं होतं ते तोंडात तयार होतं, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचंच वाक्य होतं, नवीन काही शोधायचं नव्हतं. यावेळी मला मारायलाही कुणी नव्हतं. मी म्हणालो, "अज्जी, हे बोअरचं पाणी ओतू नका. त्यात चुना आहे, त्याचेच डाग पडतात. आत प्यायचं फिल्टरचं पाणी आहे ना, ते ओता. एक डाग पडणार नाही."

ऐकलंस? मी तिला बिनडागाचं पाणी ओतायला शिकवलं.

अज्जी खूश. "एवढंच होय? आणि मी त्या मशीनला शिव्या घालत बसले," म्हणाली. तिनं लगेच फिल्टरचं पाणी आणून एका ताटावर ओतून बघितलं. ताट वाळलं, लख्ख. मी सुनेला वर जाऊन सांगितलं, मशीन ठीक आहे, बाईंचीही काही चूक नाही, बोअरच्या पाण्यानं वरून विसळल्यामुळे होत होतं, अज्जींना समजलंय. तिनं कानातलं अर्धं काढून ऐकलं. "म्हणजे बाई नाही?" बाई नाही, मी म्हणालो, बाई तर फार नीट लावतात. "ओके. थँक गॉड. दुसरी शोधायची म्हणजे डोकेदुखी," म्हणाली आणि फोनवर मला पाच तारे दिले. अज्जी भांडी विसळते का, कशासाठी विसळते, तिनं विचारलं नाही. कागदावर कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'पाण्याचा जडपणा. ग्राहकाला समजावले.' तारीख घातली, सही केली. त्या घरातून नंतर फोन आला नाही. माझी गाडी राहिली, तिचं काम राहिलं, अज्जीचं पाणी राहिलं. सगळ्यांचं भागलं. तुझ्या हिशोबानं तर हे उत्तमच झालं.

गाडीवर बॅग बांधत होतो तेव्हा ती बाई मागच्या दारानं बाहेर आली. मी म्हणालो, "अक्का, त्या पाणी ओततात ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"गोत्तित्तु," ती म्हणाली, माहीत होतं. "बारा वर्षं बघते. मशीन नव्हतं तेव्हापासून."

"मग सांगायचं नाही? सगळं तुमच्यावर आलं होतं."

"काय सांगू? सासूचं सुनेला सांगू, का सुनेचं सासूला? दोघी एक होतात मग, आणि मी बाहेर." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तू काय सांगितलंस?"

मी सांगितलं, फिल्टरच्या पाण्याचं. मला वाटलं आता ही काहीतरी बोलेल, तू बोलली होतीस तसं, किंवा त्याच्या उलट. ती हसली. "हुशार आहेस तम्मा. लग्न झालंय?" नाही म्हणालो. "करून टाक. दोन बायकांच्या मध्ये तुझा निभाव लागेल." आणि बसच्या दिशेनं गेली. मी हुशार आहे असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं, आणि ते यासाठी.

तुला वाटेल आता तरी पोराला कळलं असेल, आईनं का मारलं. कळलं की. ते मला तेव्हाही कळलं होतं, मी काही खुळा नव्हतो. काम जाईल म्हणून मारलंस. कळलं म्हणजे मिटलं असं थोडंच असतं. उलट आता जास्त कडू लागतंय, कारण आता मला तुझ्यावर धड चिडताही येत नाही. जे तुला मी आयुष्यभर ऐकवणार होतो, ते ऐकवायला मी कुठं राहिलो. तू निदान मला मारून तुझ्या बाजूनं काहीतरी केलंस. मी तर त्यांचं काम सोपं करून आलो.

एक राहिलंच. ते लिहायचं नव्हतं, पण आता एवढं लिहिलंय. डाग जातात हे कळल्यावर अज्जीनं मला काफी दिली, आत, जेवणाच्या टेबलावर, घरातल्या लोट्यात. लोटा म्हणजे इथं पेला. प्यायलो, आणि सवयीनं उठून युटिलिटीत गेलो. कुणाकडे काही प्यायलं की आपलं भांडं आपण विसळायचं आणि पालथं घालायचं, हे तूच हाताला लावलेलं आहे. विसळला आणि खिडकीत पालथा घातला. तिथं आधीच एक लोटा होता, पोचे आलेला. अज्जी मागून म्हणाली, "तिथं नको रे पुट्टा, तो तिचा. तुझा इकडे दे." मी हात पुढे केला.

पहिल्या दिवशी तिनं आडनाव विचारलं तेव्हा मी आपलं सांगितलं नव्हतं. ताटावरचं सांगितलं होतं. ठरवून नाही, तोंडात तेच आलं. पण त्यानंतर मी तीन वेळा त्या घरात गेलो, तीन वेळा सुधारता आलं असतं.

तिनं माझ्या हातातून लोटा घेतला आणि पाणी न ओतता तसाच आत नेला. मला बरं वाटलं.